एकोणऐंशीतला आठ

मित्रांनो, मी एक जुनी मूळ संख्या आहे. असे डोळे बारीक करून बघू नका, मला सवय आहे त्याची. एक लाख तीनशे एकोणऐंशी हे माझं नाव. एक आणि मी स्वतः, एवढे सोडून मला कुणीच पुरतं भागू शकत नाही. सात तर तीन दिवस माझ्या दारात ठिय्या देऊन बसला होता. शेवटी सहा बाकी उरली, ती घेऊन मुकाट गेला.

मला शोधलं गणिताच्या एका निवृत्त बाईंनी. मोतीबिंदूमुळे वहीतलं दिसेना, म्हणून त्या फळ्यावर हाताएवढे आकडे काढत. माझ्या वर्गमुळापर्यंतच्या पासष्ट मूळ संख्यांनी मला भागून झालं, तेव्हा त्यांनी धाकट्या भावाला हाक मारली, "लिही रे, एक लाख तीनशे एकोणऐंशी!" आणि फळा पुसला. भावाचं अक्षर मोत्यासारखं. मी ऐटीत वहीत जाऊन बसले.

सात वर्षांनी वही प्रकाशकाकडे गेली. त्याने माझ्यावर पेन्सिल टेकवली.

"बाई, हिच्या अंकांची बेरीज एकवीस. हिला तीनने भाग जातो की!"

"बेरीज वीस आहे."

"एकवीस! एक खोटी निघाली, मग बाकीच्यांचा काय भरवसा? वही परत न्या."

झालं! वहीत कुणी कुणाशी धड बोलेना. शेजारची एक लाख तीनशे एक्क्याण्णव अंग चोरून बसली. मलाच माझा संशय येऊ लागला. स्वतःच्या पाठीवरचा अंक कुणाला दिसतो?

"डुलक्या घेत लिहिलंस तू," बाई भावाला म्हणाल्या.

"तू सांगितलंस तेच लिहिलं, ताई. तुझंच डोकं आता..."

बाईंनी खडू डबीत ठेवून दिला. चार दिवस डबी उघडली नाही.

पाचव्या दिवशी त्यांनी मला पुन्हा पासष्ट वेळा भागलं. मग भावाच्या हातावर आपला हात ठेवला. "लिही. एकोणऐंशी."

सात काढताना हात आत वळतो. हा खाली घसरला.

"अरे, आठ काढलास!"

"मग? ऐंशी म्हणालीस ना? ऐंशीचा आठ, एकोणचा नऊ."

"एकोणऐंशी! ऐंशीला एक कमी!"

"अरे देवा! मग मी आजवर..."

"किती ठिकाणी?"

"जिथे जिथे ऐकलं तिथे तिथे."

बाई खो खो हसल्या. "म्हणजे डोकं तुझंच गेलंय, माझं नाही!"

मग वहीतल्या प्रत्येक ८९ची झडती झाली. एक लाख एकशे एकोणनव्वद बिचारी खरी होती, तिलाही सोडलं नाही. ती अजून माझ्याशी बोलत नाही. माझा आठ खोडून सात झाला आणि वही छापून आली.

मित्रांनो, मला लिहाल तेव्हा आधी माझं नाव नीट ऐका. आणि माझ्या शब्दावर मुळीच विश्वास ठेवू नका, पासष्ट भागाकार करा. कुठे बाकी शून्य आलीच, तर आधी तुमचा आठ तपासा.