दुपारचे फोड

सर्किटच्या पट्ट्या सकाळच्या चांगल्या, दुपारच्या फुगलेल्या. वहिनींनी तीन दिवसांचा हिशोब भिंतीवरच्या फळ्यावर मांडला होता: सकाळी चाळीसपैकी एक खराब, दुपारी चाळीसपैकी एकवीस.

धाकट्या दिरांनी फळा वाचला आणि लगेच निकाल दिला. "दुपारी तुमचा हात जड होतो, वहिनी. सोमवारपासून पॅकिंगला बसा. सोल्डरिंगच्या टेबलावर माझा मेव्हणा बसेल."

कारखाना दिरांचा, मेव्हणाही दिरांचाच. टेबल तेवढं अकरा वर्षं वहिनींचं होतं.

"हात नाही हो, ओलावा! ही सर्किटची पट्टी केसाएवढी पातळ, पण हवेतलं पाणी पिऊन बसते. सोल्डरिंगचा चटका बसला की त्या पाण्याची वाफ होते आणि फोड येतो."

"म्हणून तर ओव्हन घेतला. चार तास सुकवता, मग पाणी उरतं कुठं?"

इथेच वहिनींचं घोडं अडत होतं. त्यांनी तापमान तपासलं, दाराचं रबर तपासलं. सगळं ठीक. चिडून शुक्रवारी त्या जेवायला गेल्याच नाहीत. ओव्हनशेजारी स्टूल टाकून बसल्या.

एक वाजता दीर आले, ओव्हन उघडला आणि पट्ट्यांशेजारी आपला स्टीलचा डबा ठेवून दिला. झाकण काढून.

"हे काय, भाऊजी?"

"जेवण. बायको माहेरी गेलीये ना, मंगळवारपासून शिळंच आणतोय. गार घास उतरत नाही मला."

मंगळवारपासून! वहिनींनी फळ्याकडे पाहिलं. खराब दुपारींचा हिशोबही मंगळवारपासूनचाच होता. दहा मिनिटांनी त्यांनी डब्याशेजारची एक पट्टी उचलली, सकाळी सुकवून बंद बरणीत ठेवलेली दुसरी काढली आणि दिरांसमोर दोन्हींना सोल्डर टेकवलं. बरणीतली गुळगुळीत राहिली. दुसरीवर टरारून फोड आला.

"एवढ्याशा वाफेनं?"

"एवढ्याशाच. आता टेबलाचं बोला."

"मेव्हण्याला शब्द दिलाय हो मी..."

"मग फोड कुणामुळे आले ते फळ्यावर लिहा, आणि खुशाल शब्द पाळा."

दिरांनी खडूकडे पाहिलं, दाराबाहेर जेवून परतणाऱ्या कामगारांकडे पाहिलं. "राहू द्या. तुम्हीच बसा. पण माल आज गेला पाहिजे."

"पुन्हा चार तास लागतील," म्हणत वहिनींनी डबा बाहेर काढला, त्यांच्या हातात दिला आणि ओव्हनचं दार लावलं.

"अहो वहिनी, मधला भाग गारच आहे अजून!"