शेपटीतली

आमच्या गावच्या कार्निव्हलमध्ये मासा कुणी नाचवायचा, यावर आजवर कुणाची बोलायची टाप नव्हती. वेताचा नि कापडाचा तो अगडबंब मासा माझ्या नवऱ्याने बांधला, मी शिवला. लग्न झालं त्या वर्षापासून तोंडात हे, शेपटीत मी. शेपटीतल्याला काही म्हणजे काही दिसत नाही. पुढच्याची कंबर धरायची आणि तो सांगेल तसं पाऊल टाकायचं.

यंदा मात्र समितीचा अध्यक्ष घरी आला. बर्फाचा कारखाना आहे त्याचा. "काकू, काकांना आता झेपणार नाही. लोक हसतील."

"हसू देत की! कार्निव्हल काय रडायला असतो?" मी म्हटलं. "काका नाहीत तर मासाही नाही." बिचारा आल्या पावली परत गेला.

त्याचं काही खोटं नव्हतं. होड्या बांधण्यात ज्यांची हयात गेली, ते आता चपला उलट्या घालतात. आणि मला ओळखत नाहीत. मला "बाई" म्हणतात. संध्याकाळ झाली की काळजीने विचारतात, "बाई, तुम्ही घरी कधी जाणार?" आधी आधी मी भांडले, लग्नाचा फोटो नाकासमोर धरला. पालथ्या घड्यावर पाणी! फोटोतली मुलगी त्यांना आवडली, एवढंच. मला वाटायचं, मासा अंगावर चढला तर पायांना आठवेल, आणि पायांना आठवलं तर मीही आठवेन. एकदाच मला हाक मारा, मग खुशाल विसरा.

बंदरावर ढोल सुरू झाले. मी मागून त्यांची कंबर धरली. सुरुवातीला ते अडखळले. आणि अंधारात पुढून आवाज आला, "शेपटे, उजवीकडे घे गं. दोरखंड पडलाय."

शेपटे! या नावाने मला जगात एकच माणूस हाक मारतो. मला रडूच फुटलं. "घेतलं हो," म्हटलं.

मग काय, स्वारी सुटलीच. "तो बर्फवाला बघ, कसा तोंड वासून उभा आहे!" "गुडघा दुखतोय का गं? हळू चालू?" दुखत होता मेला. "छे," म्हटलं. दीपगृहापर्यंतचा तो रस्ता संपूच नये असं वाटत होतं.

संपला. चौघांनी मासा उचलून वाळूवर ठेवला. मी हसत, डोळे पुसत त्यांच्यासमोर गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अदबीने मागे सरकले.

"बाई, जरा बाजूला होता का? माझी बायको आत राहिली आहे."

आणि वाकून रिकाम्या शेपटीत हाका मारायला लागले. "शेपटे, अगं ये ना बाहेर!" लोक हसले, त्यांना गंमत वाटली. हे पार घाबरेघुबरे झाले, आवाज चिरकला. मला बघवेना. मी वळसा घालून गेले, कापड उचललं आणि गुडघे टेकत आत शिरले.

"इथेच आहे हो मी."

"हुश्श! जीव घाबरा केलास." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ऐक. बाहेर एक बाई आहे. फार दमलेली दिसते, तिला कुणी नाही वाटतं. आज तिला जेवायला आपल्याकडे बोलाव."

मी ओठ दाताखाली घट्ट धरला.

"बरं," म्हटलं. "सांगते तिला."