भिंगांच्या पेटीतले शब्द

शेवटच्या दिवशी मालकांनी माझ्यातला एकच शब्द हलवला. मायनसच्या बाजूकडून काढला, प्लसच्या बाजूला ठेवला, झाकण लावलं आणि दुकान बंद करून घरी गेले. दिवस अगदी नेहमीसारखा होता.

मित्रांनो, मी चष्म्याच्या दुकानातली भिंगांची जुनी पेटी. त्या दुपारी टायपिस्ट काका आले होते. त्यांच्या चष्म्याची काडी निसटली होती. मालकांनी मोहरीएवढा स्क्रू पहिल्याच प्रयत्नात बसवला आणि म्हणाले, "बघा गुरुजी, अजून डेक्स्टरस आहे मी."

"हा शब्द कुणाकडून उचललात?"

"गेल्या आठवड्यात एक सर्जनबाई आल्या होत्या. हातात कसब असलेला, असा अर्थ. जोर 'डेक्स'वर द्यायचा, पुढचं पटकन उरकायचं."

"म्हणजे आता दुरुस्तीबरोबर शिकवणीही."

दोघे हसले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. मालक पहाटे झोपेतच गेले होते.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. शिसवी लाकूड, आत निळी मखमल आणि अडीचशेहून जास्त खाचा. डावीकडे प्लसची भिंगं, उजवीकडे मायनसची. गिऱ्हाइकाच्या नाकावर लोखंडी चौकट चढवायची, माझ्यातलं एकेक भिंग तिच्यात सरकवायचं आणि विचारायचं, "आता बरं की मघाशी बरं?" या रस्त्यावरच्या निम्म्या लोकांनी माझ्यामुळे सुईत दोरा ओवला, असं म्हटलं तर थोडी फुशारकी होईल. पण थोडीच.

जवळचं नीट दिसतं का, हे पाहायला मालक बारीक अक्षरांचा कागद वाचायला देत. इंग्रजी वाचणाऱ्याला इंग्रजी कागद. मालक स्वतः आठवीपर्यंत शिकलेले. भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं त्यांना येत, शब्द कळत नसत. टायपिस्ट काका तेव्हा कोर्टात नोकरीला होते. त्यांनी तो कागद घडाघडा वाचला, मालकांनी मान डोलावली आणि चष्मा करून दिला. चार दिवसांनी काका डोकं धरून परत आले.

"तुम्ही तर सगळं वाचलं होतंत," मालक म्हणाले.

"अर्धं अंदाजाने ठोकून दिलं. तुम्ही हो हो करत होतात. म्हटलं, बरोबरच असेल."

मालकांनी चष्मा बदलून दिला, पण ही गोष्ट त्यांना फार लागली. दुसरा काय वाचतो तेच आपल्याला कळत नसेल, तर आपण तपासतो तरी काय? त्यांनी काकांनाच म्हटलं, "एक अवघड शब्द द्या. अर्थ सांगा आणि दोनदा म्हणून दाखवा." काकांनी 'मेटिक्युलस' दिला. बारीकसारीक कामही काटेकोरपणे करणारा. त्या दिवसापासून काका 'गुरुजी' झाले, आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक इंग्रजी वाचणाऱ्याकडे मालक एक शब्द मागू लागले.

त्याच सुमारास दुकानात नंबर काढायचं यंत्र आलं. माझी भिंगं काढून कपाटात ठेवली गेली. मला वाटलं, आपले दिवस भरले. पण मालकांनी फ्रेमच्या खोक्यांचा पांढरा पुठ्ठा माझ्या खाचांच्या मापाने कापला. एका अंगाला शब्द. दुसऱ्या अंगाला अर्थ, उच्चार आणि त्या दिवशी घडलेल्या गोष्टीवरचं एक वाक्य. नवा शब्द मायनसच्या बाजूला राही. जिवंत माणसाशी बोलताना तो न अडखळता वापरला, की प्लसच्या बाजूला जाई. आरशाशी बोललेलं मालक धरत नसत. खाचा अपुऱ्या पडल्या तेव्हा एकेका खाचेत पाच-पाच चिठ्ठ्या उभ्या राहिल्या. इतकं मोलाचं ओझं मी भिंगांच्या काळातही वाहिलं नव्हतं.

मालकांची मुलगी शाळेतून थेट दुकानात येई आणि स्टुलावर बसून माझ्यातली एकेक चिठ्ठी काढे. 'रिलक्टंट'च्या मागे मालकांनी लिहिलं होतं: मनातून तयार नसलेला. पहिला चष्मा घालताना माणूस रिलक्टंट असतो. स्क्रू रिलक्टंट नसतो, तो गंजलेला असतो. मुलगी खुदकन हसली आणि तो शब्द तिला कायमचा आला. पुढे ती मालकांचे उच्चार सुधारू लागली. मालक तिच्यासमोर तोंड उघडून विचारत, "जीभ कुठे ठेवू म्हणतेस?"

ती इंग्रजीची प्राध्यापिका झाली. तिने पुस्तक लिहिलं, ग्रंथालयाच्या सभागृहात तिचा सत्कार झाला. मालक नवा शर्ट घालून गेले, काकाही गेले. माइकवर मुलगी म्हणाली म्हणे, "आमच्या घरात इंग्रजीचं वातावरण नव्हतं. जे आलं, ते माझं मी मिळवलं." मालकांनी टाळ्या वाजवल्या. दुकानात परतल्यावर त्यांनी फडकं घेऊन माझं झाकण पुसलं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. एवढंच मला माहीत आहे.

मालक गेल्यावर तीन आठवडे मी धूळ खात पडले. मित्रांनो, धुळीची मला भीती नाही, ती फुंकरीने जाते. पण शब्द नुसता आणून ठेवला तर मुका होतो. तो कुणाशी तरी बोला. आणि ज्याच्याकडून घेतलात, त्याचं नाव त्याच्याबरोबर जपून ठेवा. आम्हा पेट्यांना ते सांगता येत नाही.

काल मुलगी दुकान आवरायला आली. तिने माझं झाकण उघडलं, एक चिठ्ठी काढून वाचली, मग दुसरी. तेवढ्यात टायपिस्ट काका दारात आले. मुलीने स्टूल पुढे सरकवलं. मग काका स्टुलावर टेकले.

"एक सांगू का पोरी? त्या सत्कारानंतर मी तुझ्या वडिलांना टोचलं होतं. म्हटलं, लेकीने तुमचं नावसुद्धा घेतलं नाही हो. तर म्हणतात कसे, 'माइकवर वेळ कमी असतो गुरुजी. घाईत राहिलं असेल.'"

मुलीने हातातली चिठ्ठी तिच्या खाचेत परत ठेवली.

"घाईत नाही राहिलं, काका. ते भाषण मी तीनदा लिहून काढलं होतं. पहिल्या खेपेला त्यांचं नाव होतं, मग मी ते खोडलं. चष्मेवाल्याकडून शिकले, हे सांगायची लाज वाटली मला." ती दाराकडे वळली. मग दुकानाबाहेरही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला इंग्रजी माझ्या बाबांनी शिकवलं."