पडद्यामागची टकटक

भिवंडीत बाई यंत्रमागाच्या कांड्या भरायला बसली तर कुणी ढुंकूनही बघत नाही. पण तिने सायकलचा पान्हा हातात घेतला की अख्खा रस्ता मान वळवतो. नवऱ्याला, कासमला लकवा झाला, उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली, तेव्हा कोन गावच्या नाक्यावरचं त्याचं सायकलचं दुकान माजिदाने चालवायला घेतलं. काम ती त्याच्याच शेजारी बसून शिकली होती. तरी गिऱ्हाईक बोलायचं ते खाटेवरच्या कासमशी, आणि तिचं काही चुकलं की कासम डाव्या हातातला पान्हा खाटेच्या पायावर आपटायचा. तोंडातून लाळ गळायची. माजिदाला लाज वाटायची. शेवटी तिने खाट आत सरकवली आणि मध्ये पडदा ओढला. त्यांना उन्हाचा त्रास होतो, असं लोकांना सांगितलं.

त्या सकाळी अंजूरचा दूधवाला चिंधू बापाच्या वेळची सायकल आणि कोरा टायर घेऊन आला.

“कासमभाय हाय का न्हाय, भाभी?”

“मी आहे ना.”

“जुनी रिम हाय. तुला जमंल?”

झालं! समोरच्या चहाच्या टपरीवर एकमेकांना नवे मोबाइल दाखवत बसलेली माणसं तमाशा बघायला सरकलीच.

जुन्या रिमची कड सपाट असते, ती नव्या टायरला धरून ठेवत नाही. म्हणून अर्धी हवा भरून थांबायचं, चाक फिरवून टायरची रेघ सगळीकडे सारखी बसली का बघायचं, मगच उरलेली हवा भरायची. माजिदाला हे तोंडपाठ होतं. पण थांबलं तर लोक म्हणणार, अडलं हिचं घोडं. ती पंप मारतच राहिली.

एका जागी टायर रिमच्या वर आला. तिला तो दिसला. आता हवा सोडायची म्हणजे चारचौघांत हसं. तिने डाव्या हाताने तो फुगवटा दाबून धरला आणि उजव्याने पंप चालू ठेवला.

पडद्यामागून टकटक सुरू झाली. पंप थांबेना तशी ती वाढत गेली.

“काय मांगतंय गो तो?” चिंधूने विचारलं.

“भूक लागली असेल. लहान पोरासारखं झालंय आता त्यांचं.”

माणसं हसली. माजिदाही हसली.

आणि धाडकन ट्यूब फुटली. टायर रिमवरून उडाला, तिच्या कानात नुसता ‘सुंई’ आवाज उरला. चिंधू वाकून आपला कोरा टायर चाचपू लागला, ते तिला जास्त लागलं. टकटकही थांबली होती.

आता हा डोळे वटारणार, असं म्हणत ती आत गेली. कासम खाटेवर नव्हता. खाली पडून, डाव्या कोपरावर सरपटत तो पडद्यापर्यंत आला होता. त्याने तिचा हात ओढला आणि एकेक बोट वाकवून बघितलं. मग दुसऱ्या हाताची बोटं बघितली. सगळी शाबूत आहेत म्हटल्यावर त्याने तिच्या तळहातावर कपाळ टेकलं.

माजिदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तिच्या बोटांसाठी जीव तोडून पान्हा आपटत होता, आणि तिने लोकांना त्याच्यावर हसवलं होतं.

तिने पदराने त्याचं तोंड पुसलं, पडदा खेचून काढला आणि चिंधूला हाक मारली. दोघांनी त्याला खाटेवर निजवून खाट बाहेर आणली. तिने दुकानातली नवी ट्यूब घातली, अर्धी हवा भरली, थांबली, आणि कासमच्या डोळ्यांसमोर चाक सावकाश फिरवलं.

टपरीवरची माणसं अजून तिथेच होती. माजिदाची मान वर होत नव्हती. तरी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

“त्यांना भूक नव्हती लागली.”