समितीच्या बोटीतली जागा

समन्वय समितीच्या बैठकीला अकरा माणसं जमली होती आणि आपण इथं कशासाठी आलोय हे त्यांतल्या एकालाही धड सांगता आलं नसतं. डॅफ्नीला आलं असतं. पण तिला विचारणार कोण? ती कोर्टाची कारकून. एकोणीस वर्षं ती याच खोलीत इतिवृत्त लिहीत आली होती.

नवऱ्यानं बायकोला मारलं की पोलीस, कोर्ट, दवाखाना आणि गावप्रमुख यांनी एकमेकांशी बोलून चटकन हालचाल करावी, यासाठी ही समिती होती. एकमेकांशी ते बोलत, नाही असं नाही. जेवणाच्या वेळी तर कुणाला उसंतच नसे. हालचाल तेवढी बाकी होती.

सोमवारी जेंटा आली होती, मावशीबरोबर पाच तास होडी वल्हवत. एक डोळा सुजून पार मिटला होता. मॅजिस्ट्रेटनं तासाभरात आदेश दिला, की नवरा रोलंड तिच्या घराकडं फिरकला तर थेट कोठडीत. पण पोलीस तो कागद रोलंडच्या हातात देत नाहीत तोवर त्याला काडीची किंमत नव्हती. रोलंड लाकूडतोडीच्या कॅम्पवर होता आणि शुक्रवारी घरी यायचा होता. "आलो की उरलेलं बघतो," असं बजावून तो गेला होता. घरी दोन मुली आणि म्हातारी आई. त्यांना टाकून जेंटा इथं किती दिवस राहणार? ती डॅफ्नीच्या स्वयंपाकघरात बसून राहायची आणि दर तासाला एकच विचारायची, "गेला का कागद, आंटी?"

कागद सार्जंट बेनेटच्या खिशात होता. घडीसुद्धा मोडली नव्हती. बुधवारी बैठक सुरू व्हायच्या आधी डॅफ्नीनं त्याला गाठलं.

"सार्जंट, कॅम्पवर कधी निघताय?"

"कसला निघतोय! पेट्रोल कुठाय? सोमवारपासून या लोकांना बेटाबेटांवरून गोळा करतोय. दोन्ही पिंपं खलास."

"ती पिंपं आदेश बजावायला आली होती ना?"

"मग? बैठकीचा विषय काय आहे? आदेशांची बजावणी! त्याच खात्यात बसतं की, आंटी."

तो थट्टा करत नव्हता. म्हणूनच डॅफ्नीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बैठकीत प्रकरणं नावानं घेत नसत, गुप्तता राहावी म्हणून. जेंटाचं प्रकरण होतं क्रमांक सतरा. अध्यक्ष सिरिल यांनी चष्मा नाकावर ढकलत विचारलं, "सतराची बजावणी झाली नाही. काय करू या?"

गावप्रमुख सुपारी गालात सरकवत म्हणाले, "बाई परत जातेच आहे ना? तिच्याच हाती द्या. ती देईल नवऱ्याला."

"झकास! पेट्रोल वाचलं," सार्जंट म्हणाला.

"याला म्हणतात समन्वय!" सिरिल खूश झाले.

डॅफ्नीचं पेन थांबलं. "सर, जिचा डोळा फोडलाय तिनंच जाऊन त्याला तो कागद द्यायचा?"

"आंटी, तुम्ही लिहा. चर्चा सदस्य करतील."

तिनं लिहिलं. बैलासारखी माणसं, असंही मनात लिहिलं, आणि मग बैलांचा अपमान केला म्हणून तिला लाज वाटली.

पुढचा विषय होता पुरुषांचा सहभाग. राजधानीहून, होनिआराहून आलेल्या पाहुण्यांचं म्हणणं पडलं होतं, की समितीत एखादा साधा, कष्टकरी पुरुष हवा; उद्या समारोपाच्या फोटोत दिसला तर फारच उत्तम. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागले.

डॅफ्नीनं मान वर न करता सांगितलं, "कॅम्पवर एक मुकादम आहे, सर. रोलंड नाव. चर्चमध्ये गिटार वाजवतो. पोरं त्याच्या शब्दाबाहेर नाहीत."

"अरे वा! पण आणायचं कसं?"

"त्याची काळजी नको, सर," सार्जंट म्हणाला. "सदस्यांसाठी एक पिंप वेगळं राखून ठेवलंय."

गुरुवारी अकराच्या सुमाराला रोलंड इस्त्रीचा शर्ट घालून बोटीतून उतरला. त्याला फुलांचा हार घातला. पानात ट्यूना मासा, तारोचे उकडलेले कंद आणि नारळाच्या दुधातलं कसाव्याचं पुडिंग वाढलं. "बाईमाणसाचा मान राखलाच पाहिजे," असं तो चार शब्दांत बोलला आणि टाळ्यांनी खोली दणाणली. डॅफ्नी सार्जंटच्या मागं जाऊन उभी राहिली.

"खिशातला कागद काढा. नाव वाचा."

सार्जंटनं वाचलं. घास तोंडातच राहिला. "आत्ता? पाहुण्यांसमोर?"

"दिलात तर लिहीन, समितीनं बजावणी केली. नाही दिलात तर लिहीन, आदेश खिशात ठेवून त्याच माणसाला हार घातला. मॅजिस्ट्रेट इतिवृत्त वाचतात."

सार्जंट उठला. रोलंडनं पुडिंगनं बरबटलेल्या बोटांनी कागद घेतला, वाचला, काळवंडला. सगळ्यांच्या देखत त्याला आरडाओरडाही करता येईना. त्यानं सही केली. मग सिरिल यांनी घसा खाकरला.

"बघा, दोन दिवसांत सतरा क्रमांक मार्गी! आंटी, हे समन्वयाचं यश म्हणून नोंदवा."

आणि त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. निर्लज्जपणाची पण काही हद्द असते, असं डॅफ्नीला आजवर वाटत होतं.

घरी येऊन तिनं सहीची प्रत जेंटाच्या हातात ठेवली. जेंटानं सहीवरून दोनदा बोट फिरवलं आणि मग ती ढसाढसा रडली. रडून झाल्यावर तोंड धुऊन आली.

"तो आला कसा, आंटी?"

"समितीच्या बोटीनं."

"मोटरच्या? सोमवारी आमच्या होडीजवळून गेली ती. मी हात केला, तर सार्जंट ओरडले, सदस्यांसाठीच आहे." ती जरा थांबली. "जेवला तो?"

"जेवला."

जेंटानं कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पोटाशी बांधला. मावशी किनाऱ्यावर होडीपाशी थांबली होती. वल्हं उचलताना जेंटानं सहज विचारलं, रागानं नव्हे, खरंच कळेना म्हणून.

"मग सोमवारी मलाच का नाही केलंत सदस्य?"

एकोणीस वर्षांत डॅफ्नीच्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं.