वरची खूण

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. सध्या भंगाराच्या आवारात कुंपणाला टेकून उभी आहे. माझं बॉनेट कुणीतरी काढून नेलं, त्यामुळे इंजिनावर धूळ बसते. तुम्हाला वाटेल, म्हातारी झाली, इंजिन जाम झालं, म्हणून टाकून दिली. तसं झालेलं नाही. काय झालं ते सांगते.

छापखान्यात काम करणाऱ्या एका काकांनी मला विकत घेतलं. त्यांनी आणि काकूंनी मला घरच्या घरी, आपल्या हातांनी राखलं. लोक वळून बघायचे. पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणायचा, "काका, विकायची झाली तर आधी मला सांगा हं."

काकू माझ्या आत बसूनच म्हणायच्या, "आधी यांना विकू, मग हिला."

माझ्या इंजिनात एक साखळी आहे. ती खालचा आणि वरचा दांडा एका तालात फिरवते. साखळी बदलताना दोन्हीकडच्या खुणा एकाच वेळी जुळाव्या लागतात. काका खाली आडवे होऊन पाना फिरवायचे. काकू वर वाकून खूण बघायच्या.

"अजून... अजून... अहो, थांबा म्हटलं ना! गेलात पुढे. या मागे."

"तू आधी चष्मा पूस."

"चष्मा स्वच्छ आहे. तुमचाच हात जड आहे."

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. मी बरेच दिवस झाकलेलीच होते. पुढे काकांनी मला पुन्हा बाहेर काढलं, तेव्हा साखळी खडखडत होती. ती बदलायची त्यांनी ठरवलं.

त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, कशाला जीव काढताय? आता इंजिनाला काही झालं, तर गाडी भंगारात देऊन टाकायची. कबूल?"

"कबूल."

काका एकटेच कामाला बसले. खाली जायचे, पाना थोडा फिरवायचे, गुडघा धरून उठायचे, वर बघायचे, परत खाली. त्या ये-जा करण्यात वरचा दांडा सरकला. साखळी बसवून त्यांनी हाताने इंजिन फिरवलं, तर ते एका जागी अडलं.

"नवी साखळी आहे, घट्ट लागणारच," ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी किल्ली फिरवली.

माझ्या आत टक् झालं आणि सगळं थांबलं. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. बॅटरी बदलून पुन्हा फिरवली. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

मग त्यांचे एक जुने दोस्त आले. ते मिस्त्री होते. "जाम झालं म्हणतोस? बघू तरी दे."

त्यांनी तेल पाहिलं. जळका वास नव्हता. प्लग काढले. आत पाणी नव्हतं. खालच्या नटाला पाना लावून हळूच फिरवला. इंजिन फिरलं आणि अडलं. उलटं फिरवलं, तेव्हाही फिरलं आणि अडलं.

"जाम झालेलं इंजिन असं हलत नाही रे. आत काहीतरी आदळतंय."

त्यांनी वरचं झाकण उघडलं. खालची खूण जागेवर होती. वरची भलतीकडेच होती.

काका पाना घेऊन खाली गेले, मिस्त्री वर वाकले. "थांब," ते म्हणाले, आणि खुणा पहिल्याच खेपेला जुळल्या. साखळी पुन्हा बसवली. पान्याने इंजिन न अडता फिरू लागलं. काकांचा चेहरा उजळला. मुलगीही हसली. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी काकांचा अंगठा प्लगच्या भोकावर ठेवला.

"दाबून धर. मी फिरवतो. हवा अंगठ्याला ढकलतेय का?"

काकांनी अंगठा आणखी दाबला. "नाही," ते म्हणाले.

खुणा चुकलेल्या असताना किल्ली फिरवली, तेव्हा माझ्या आतल्या झडपा खालून वर येणाऱ्या दट्ट्यांवर आदळून वाकल्या होत्या. त्या मिटत नव्हत्या. हवा निसटून जात होती.

"झडपा नव्या घडवून घेऊ. होईल रे," मिस्त्री म्हणाले.

"आणि परत बसवताना वर कोण बघणार? तू रोज येणार आहेस?"

"बाबा, मी घरातच होते," मुलगी म्हणाली. "हाक का नाही मारलीत?"

"सुट्टी होती तुझी. झोपली होतीस."

"उठले असते ना!"

काका चिंधीला हात पुसत राहिले. मग म्हणाले, "कबूल केलं होतं मी. देऊन टाका."

मुलगी नको नको म्हणत राहिली. पण त्यांनी ऐकलं नाही. पुढच्या आठवड्यात मला दोरीने ओढून इथे आणलं.

मित्रांनो, माझी काकांबद्दल तक्रार नाही. एवढंच सांगते. कुठलंही यंत्र हाताने फिरवताना अडलं, तर जोर लावू नका. थांबा आणि बघा. आणि तुमच्या घरात कुणी एकटंच पाना घेऊन, शिडी लावून खटपट करत असेल, तर हाक येण्याची वाट बघू नका. अशी माणसं हाक मारत नाहीत.