बारा मिनिटांची दाढी

थोरली सकाळी सव्वाआठला कम्प्युटरचं बटण दाबायची आणि त्याच्याकडे पाठ फिरवून बाबांची दाढी करायला घ्यायची. अकरा वर्षांचं ते धूड जागं व्हायला बारा मिनिटं लावायचं. आधी पंखा घरघरायचा, मग आतली हार्ड डिस्क करकर करायची, मग पडदा निळा व्हायचा आणि तिथेच घोडं अडायचं. तोवर बाबांच्या दोन्ही गालांवर साबण चढलेला असायचा.

बाबांनी अडतीस वर्षं कारखान्यात लेथ मशीन चालवलं होतं. शेडमधल्या कुठल्या मशीनचं बेअरिंग आता जाणार, हे ते डोळे मिटून सांगायचे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात गेला, पाय गेला. कान मात्र शाबूत राहिले.

"ऐक, कण्हतोय," हनुवटी वर करून ते म्हणायचे. "अजून पाच मिनिटं तरी उठत नाही तुझा नवाब."

मग कारखान्यातली एखादी गोष्ट निघायची. फोरमनची टोपी मशीनच्या पट्ट्यात अडकली, ही गोष्ट थोरलीने चाळीसेक वेळा ऐकली असेल. दर वेळी मशीन वेगळं असायचं आणि टोपीही. ती हुंकार भरायची. बाबांचं जेवण, औषधं, चादरी हे सगळं ती धावपळीत उरकायची. दाढीला मात्र घाई करून उपयोग नसायचा, कारण कम्प्युटर सुरू झाल्याशिवाय काम सुरू होणार नव्हतं.

काम म्हणजे शाळेच्या पुस्तकांची पानं कम्प्युटरवर मांडून देणं. या खेपेला भूगोल होता आणि पानोपानी नकाशे. एक नकाशा उघडेपर्यंत ओट्यावरची भांडी घासून व्हायची. दोनदा पानं उशिरा गेली, तेव्हा प्रकाशनातल्या बाईंचा फोन आला.

"पुढच्या पुस्तकापासून जमणार नसेल तर तसं सांगा. आम्ही दुसरीकडे बघतो."

आवाज जराही चढलेला नव्हता, म्हणूनच थोरलीने ते खरं मानलं. घरी बसून करण्यासारखं तिच्या हातात एवढं एकच काम होतं. बाहेर नोकरी धरावी तर बाबांना कुणाच्या भरवशावर टाकायचं? धाकट्या भावाने परगावाहून सांगितलं, "ताई, सरळ नवाच घेऊन टाक." सल्ला द्यायला त्याचं काय जात होतं!

चौकातला दुरुस्तीवाला मात्र भला निघाला. त्याने घरी येऊन मशीन उघडलं आणि तो दोनदा शिंकला. आत इतकी धूळ होती की एखादी उशी भरली असती.

"नवा कशाला, ताई? सांगाडा ठणठणीत आहे. जुनी डिस्क काढून एसएसडी टाकू, रॅम दुप्पट करू. पळत सुटेल बघा."

बाबांनी उश्या लावून घेतल्या आणि मान लांब करून सगळं पाहिलं. कुणाच्याही हातात स्क्रू ड्रायव्हर दिसला की त्यांना राहवत नसे.

"या नव्या डिस्कमध्ये फिरतं काय?"

"काहीच नाही, काका."

"मग आवाज?"

"येणारच नाही. पंख्याचा येईल, तेवढाच."

बाबांनी उघड्या मशीनकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "बसव. तिच्या जिवाला घोर नको."

दुसऱ्या दिवशी थोरलीने बटण दाबलं, ब्रश भिजवला, एका गालाला साबण लावला, तोच मागून कम्प्युटर सुरू झाल्याची सुरावट वाजली. चौदा सेकंद झाले होते. दोघंही वळून बघत राहिली.

"झालं की! जा, बस कामाला," बाबा म्हणाले.

"अहो, एक गाल राहिलाय."

तिने घाईघाईने वस्तरा फिरवला आणि हनुवटीला कापलं. पुढच्या सकाळी बाबा आपणहून म्हणाले, "आज राहू दे, उद्या कर." थोरलीला बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

नकाशे चुटकीसरशी उघडू लागले. भूगोल दोन दिवस आधीच गेला. प्रकाशनातल्या बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी पुढच्या खेपेला एकाऐवजी दोन पुस्तकं पाठवली. कम्प्युटर नवा झाला होता. थोरलीची कंबर मात्र जुनीच होती आणि तिच्यात काही बदलून मिळत नव्हतं. संध्याकाळी खुर्चीतून उठणंसुद्धा तिच्या जिवावर यायचं.

दहाव्या दिवशी सकाळी औषध पाजून ती बाबांचं तोंड पुसायला गेली, तर हाताला टोचलं. पांढरी दाढी चांगली बोटभर नाही तरी नखभर वाढली होती आणि तिच्यात कालची पेज वाळून बसली होती.

"बाबा! अहो, मला सांगायचं नाही का?"

"तू कामात होतीस."

त्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं, तिला उलट बोलता तरी आलं असतं. दहा दिवस याच खोलीत, चार हातांवर पाठ करून आपण बसलो होतो आणि या माणसाने तोंडातून शब्द काढला नाही, या विचाराने तिला लाज वाटली आणि रडूही आलं. संध्याकाळपर्यंत दोन धडे पाठवायचे होते.

ती टेबलाशी गेली. उघडलेली फाईल तिने सेव्ह केली, कम्प्युटर बंद केला आणि भिंतीवरचं बटणही बंद केलं.

"काय झालं गं?"

"अडकलाय," ती पाठमोरीच म्हणाली. "जुनंच दुखणं. वेळ लागेल."

तिने वाटीत गरम पाणी आणलं, ब्रश भिजवला आणि कॉटच्या कडेला बसली. खोलीत आवाज म्हणून नव्हता. मोरीतला नळ ठिबकत होता, तो इथवर ऐकू येत होता. बाबांनी मान तिरकी केली आणि कान दिला. अडकलेलं मशीन घुमत राहतं आणि बंद केलेलं गप्प असतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. थोरलीच्या हे ध्यानात आलं तेव्हा एका गालावर साबण चढला होता. तिचा हात थांबला. दोघांची नजरानजर झाली.

"हं," बाबा म्हणाले आणि त्यांनी हनुवटी वर केली. "म्हणजे बारा मिनिटं तरी गेली. फोरमनच्या टोपीचं तुला सांगितलं होतं का मी?"

"नाही," थोरली म्हणाली आणि दुसऱ्या गालाला साबण लावू लागली.